सारजाबाईंनी कापलेलं टोक

मी एक जुना चिनी कुंचला आहे. बांबूची दांडी, बोकडाचे पांढरे केस आणि पुढे बारीक टोक. मित्रांनो, माझा सगळा जीव त्या टोकात, म्हणून मी पहिल्यापासूनच घाबरट!

१९९४ साली वालचंदनगरचे एक साहेब चीनला गेले आणि मला घेऊन आले. त्यांनी मला इंदापूरच्या सावळाराम मास्तरांना दिलं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. बक्षिसांच्या प्रमाणपत्रांवरची नावं त्यांच्याच हातची असायची. पण लकव्याच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. साहेब म्हणाले, "तिकडं एक म्हातारा रोज शाई उगाळायचा आणि श्वास सोडत एकच आडवी रेघ काढायचा. त्या रेघेचा अर्थ 'एक'. तेच त्याचं ध्यान."

मास्तर रोज सकाळी साहेबांनीच आणलेली शाईची कांडी चंदनासारखी उगाळू लागले आणि तशीच एक रेघ ओढू लागले. दोन वर्षं झाली तरी रेघ वाकडीच. मी आपला धास्तावलेला! त्यातच हेडमास्तरांचा निरोप आला, "सोमवारी चार नावं लिहून दाखवा. नाही जमलं तर काम दुसऱ्याला देऊ."

रविवारी मास्तरांच्या बायकोने, सारजाबाईंनी, मला धुतलं. त्यांच्या माहेरी मेंढरं. लोकर कातरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. माझे केस खाली-वर दिसले आणि त्यांनी कातर काढली. अगं आई गं! कच्चकन टोक गेलं.

मास्तर आले, मला उचलून कापलेल्या टोकावरून बोट फिरवू लागले.

"अवं, क्यास लई खाली-वर व्हतं. म्या सारखं केलं. चुकलं का?" सारजाबाई रडकुंडीला आल्या.

आता मला फेकणार आणि त्यांना बोलणार, या भीतीने मी गारठलो. पण मास्तरांनी एक लांब श्वास सोडला आणि शाई उगाळायला घेतली. मग मला सारजाबाईंच्या हातात देऊन म्हणाले, "तू वढ रेघ."

सारजाबाईंनी मला कातरीसारखं मुठीत धरलं.

"आगं, म्या हाय की. श्वास सोड," म्हणत मास्तरांनी आपला उजवा हात त्यांच्या हातावर ठेवला. रेघ निघाली. जाड, बोथट, पण सरळ! मास्तरांचा हात जराही थरथरला नव्हता. ते कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिले.

सोमवारी मास्तर मलाच शाळेत घेऊन गेले. माझा जीव टांगणीला लागला होता. श्वास सोडत मास्तरांनी जाड, सरळ अक्षरांत चौथं नावही लिहिलं. हेडमास्तरांनी प्रमाणपत्रांचा सगळा गठ्ठा पुढे सरकवला.

मित्रांनो, कुंचला गार पाण्यात धुवा, केस खाली करून टांगा आणि कातर तेवढी लांब ठेवा. तरीही मायेच्या माणसाच्या हातून चूक झालीच, तर ओरडण्याआधी एक श्वास सोडा. तेवढ्या एका श्वासावर मी वाचलो.