जलेबीसुखचा पत्ता

गांधीबागेत भैयाजींच्या कापडदुकानाचं एकच गुपित होतं: 'जलेबीसुख'. इंग्रजी स्पेलिंगची दहा अक्षरं म्हणजे ओळीने एक ते नऊ आणि शेवटी शून्य. कापडाच्या थानाला लावलेल्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव याच अक्षरांत लिहायचा, म्हणजे गिऱ्हाईक बसलं डोकं खाजवत. सगळा बाजार असंच करतो, फक्त शब्द ज्याचा त्याचा. समोरच्या दुकानातल्या नानाजींनी भैयाजींच्या या शब्दासाठी जंग जंग पछाडलं होतं.

भाची उन्नतीने मामाला बिलिंगचा प्रोग्राम करून दिला. बसवताना तिने फोल्डरचं नाव विचारलं. कोणाच्या बापाला सापडणार नाही असा एकच शब्द भैयाजींना ठाऊक होता. त्यांनी तोच दिला.

आज त्यांनी पहिल्यांदा 'मदत'चं बटण दाबलं, तर ब्राउझर उघडला आणि चिठ्ठी वाचायची रीत ठळक अक्षरांत पुढ्यात आली. भैयाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

"काहून वं उन्नती, माह्या धंद्याचं गुपित नेटवर टाकलं?" त्यांनी मॉनिटरवर आख्खं पॉपलीन पसरलं.

"नेट नाही मामाजी! फाईल आपल्याच कम्प्युटरात आहे, ब्राउझरात फक्त दिसून राहिली. हा वरचा पत्ता दुसऱ्या कम्प्युटरात टाकाल तर काही उघडणार नाही."

"मी पाहूनच येतो."

पत्ता तळहातावर उतरवून ते तडक समोर नानाजींच्या कम्प्युटरापाशी गेले. भ्यालेल्या माणसाला पुढचं दिसत नाही, तसे भैयाजी.

"नानाजी, टाक गा. सी, कोलन, स्लॅश. आता जे, ए, एल, ई..."

मागून धावत आलेल्या उन्नतीने त्यांची बाही ओढली. "मामाजी, चला ना!"

"थांब वं, मले खात्री करू दे." भैयाजींनी शेवटच्या एचपर्यंत खणखणीत आवाजात सांगितलं.

'फाईल सापडली नाही.'

"पाहा! काहीच नाही उघडलं!" भैयाजींचा जीव भांड्यात पडला.

नानाजी मात्र पडद्यावरची अक्षरं बोटांवर मोजत होते. मग त्यांनी काल भैयाजींकडून घेतलेलं थान खाली काढलं. चिठ्ठीवर ए, एल, ई.

"भैयाजी, काल तू पोराची शपथ घेतली, की खरेदीच्या भावात देऊन राहिलो म्हणून."

"हो मंग?"

"मंग दोनशे चौतीसचं थान मले तीनशे ऐंशीले काहून देल्लं गा?"

भैयाजींनी तळहाताकडे पाहिलं, मग भाचीकडे.

"उन्नती," ते हळूच म्हणाले, "याच्यासाठी मदतीचं बटण कोणतं वं?"