तीन बुजलेली छिद्रे

मित्रांनो, मी विमानाच्या इंजिनातले एक जुने पाते आहे. आकाराने तळहाताएवढे. मुरबाडजवळ धसईत, कुंडलिकच्या घरात, एका कोनाड्यात राहते.

इंजिनातली आग जितकी जास्त तापेल, तितके इंधन वाचते. पण मग आम्ही पातीच वितळतो. म्हणून आमच्या पोटातून थंड हवा सोडतात. ती बारीक छिद्रांतून बाहेर पडते आणि पांघरुणासारखी अंगावर पसरते. ही हवा कमीत कमी कशी लागेल, यावर कुंडलिकची बायको चंदा डॉक्टरेटसाठी संशोधन करीत होती. तिने मला भंगारातून निवडले आणि माझ्या अंगाला अकरा तिरकी छिद्रे पाडून घेतली. बुडाशी तोंड लावून ती फुंकायची आणि एकेका छिद्रावर ओले बोट धरून बघायची.

दोन हजार साली नवरात्रात तिने मापे लिहायला मला घरी आणले.

"अवो, हा ईळा नाय. हात लावू नका," ती नवऱ्याला म्हणाली.

खंडेनवमीला ती मुरबाडला गेली होती. तिची सासू हौसा कुंडलिकला म्हणाली, "ईळ्या-कोयत्याची पूजा करतंस नि सूनबायचं हत्यार उपाशी ठेवतंस?"

त्याने मला तेलात कालवलेला शेंदूर लावला. चंदा यायच्या आत पुसलाही. पण तीन छिद्रांत तो राहिला. मापे आधीच लिहून झाली होती, म्हणून चंदाने पुन्हा फुंकून पाहिले नाही.

तिच्या सरांच्या प्रयोगशाळेत, चाचणीच्या तापलेल्या झोतात, त्या शेंदराचा दगड झाला. तिथून थंड हवा बाहेर आली नाही आणि माझी कड जळाली.

"माझंच गणित चुकलं," चंदा घरी येऊन म्हणाली.

कुंडलिकला शेंदूर आठवला. पण तो म्हणाला, "जेव गो आधी."

पुढच्या पावसाळ्यात ती काविळीने गेली. तिच्या सरांनी वह्यांसोबत मला घरी पाठवले. शेवटच्या पानावर तिने स्वतःच्याच आकृतीवर फुली मारली होती.

महिन्याने, भर दुपारी, दारे लावलेली असताना माझ्या बुडाशी कोणीतरी तोंड लावले. ते ओठ मी ओळखले. मग रोज त्याच वेळी फुंकर येऊ लागली.

बारीक शीळ ऐकून हौसा म्हणाली, "उंदीर असंल."

कुंडलिकने माझ्यावर तळहात धरला. आठ ठिकाणी गार लागले. तीन ठिकाणी काहीच नाही. त्याने हात काढला नाही.

"चंदे, मला ठाव होतं गो," तो म्हणाला.

फुंकर थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो मला घेऊन सरांकडे गेला. "सर, ती नाय चुकली. मी चुकलो."

सरांनी सुई घातली. तांबडी पूड टेबलावर पडली. पुन्हा चाचणी झाली आणि माझी उरलेली कड शाबूत राहिली. सरांनी चंदाचे संशोधन चंदाच्या नावाने छापून आणले.

आता अकराही छिद्रे मोकळी आहेत. फुंकर मात्र परत आली नाही. कुंडलिक दुपारी अजून हात धरून बसतो.

मित्रांनो, दुसऱ्याच्या हत्याराला मायेनेही हात लावायचा तर आधी विचारा. चूक झालीच, तर ऐकणारे माणूस घरात आहे तोवर सांगा. उशिरा सांगितलेलेही पोचते. फक्त उत्तर येत नाही.