धक्क्यावरचा खांब

लेकानं न विचारता धक्क्यावरचा खांब उपटला, तेव्हापासून थोरलीच्या तोंडाचा पट्टा थांबला नव्हता.

"अगं आई, खिडकीतून तळं बघताना मधेच तो कुजका खांब डोळ्यांत खुपायचा. शहरातली माणसं इथं हवा खायला येतात अन् जाताना जागा मागतात. पडक्या गोठ्यांनाही गिऱ्हाईक आहे आता!"

"हवा खाऊन भरतं होय पोट? मग आपण जन्मभर जेवलोच म्हणायचं!"

लेकानं तिची तळ्याकडची खोली शहरातून जागा बघायला आलेल्या पाहुण्याला दिली, तिची खाट मागं सरपणाशेजारी नेली, तेही तिनं गिळलं होतं. पण खांब?

तिचा नवरा नावाडी. धुक्यात स्वतःचा हात दिसायचा नाही, तेव्हा काठाला लागलेला नावाडी वल्ह्यानं आपल्या खांबावर ठोकायचा. घराघराची खूण वेगळी. याची दोन ठोके, थांबून एक. ऐकलं की थोरली उठून कडी काढायची. एका पहाटे होडी तेवढी आली, पालथी. माणूस तळ्यानं परत दिलाच नाही.

तरी धुकं उतरलं की खांब वाजायचा. लोक म्हणायचे, लाटा आपटतात.

"लाटांना मोजता येतं का रे मेल्यांनो?" थोरली म्हणायची. उठायची, कडी काढायची, दार जरा वेळ उघडं ठेवायची. एवढाच संसार उरला होता तिचा.

खांब गेला अन् दुसऱ्याच पहाटे धुकं उतरलं. मागच्या खोलीत थोरलीला काही ऐकू आलं नाही. उजाडल्यावर पाहुणा खुशीत चहाला आला.

"आजी, जागा पसंत. घर घेतोच मी. फक्त पहाटे कुणीतरी दार ठोठावत होतं."

थोरलीच्या हातातली किटली अधांतरी राहिली. "दार? कसं ठोठावलं?"

पाहुण्यानं टेबलावर बोट वाजवलं. दोनदा. थांबून एकदा.

"मी उठणार होतो, पण तुमचा मुलगा दाराशीच उभा होता. म्हटलं, घरचंच कुणी असेल, उघडेल हा. आता बघतो तर उंबऱ्याबाहेर पाण्याचं थारोळं. पाऊस तर नव्हता!"

थोरली लेकाकडं वळली.

"आई, मी कडी धरली होती गं... हातच उचलेना. फटीतून गार वारा येत होता, शेवाळाचा वास येत होता. मग पावलं पाण्याकडं परत गेली."

"काही बोलले?" थोरलीचा आवाज एकदम खाली आला.

"नाही. नुसते खोकले."

तो खोकला तिला ठाऊक होता. थोरलीनं किटली खाली ठेवली, पदर सावरला.

"पाहुणे, चहा घ्या अन् निघा. घर रिकामं नाही." मग ती लेकाला म्हणाली, "जागा दाखवत फिरलास, खांब उपटलास, सगळं पोटात घातलं असतं मी. पण तुझा बाप एवढं पाणी तुडवून दारापर्यंत आला अन् तू आतून कडी धरून उभा राहिलास. आजपासून माझी खाट दाराशी. या घराच्या कडीला तुझा हात लागता कामा नये."