वजा माझं वजन

रकाना ७. शैक्षणिक कामगिरी असमाधानकारक असल्यास कारण द्या. शंभर शब्द.

गणितात दोनदा, रसायनशास्त्रात एकदा नापास. अभ्यास केला नाही.

एवढ्यात संपलं. उरलेल्या शब्दांचं काय करायचं ते कळेना. आई म्हणाली, आजारपण लिही, हवं तर माझं लिही. दादा म्हणाला, जनावरं गुणपत्रिका मागत नाहीत, म्हणून हिचं दवाखान्यात बरं चाललंय.

रकाना ८. अनुभव.

प्राण्यांच्या दवाखान्यात सहा वर्षं मदतनीस. जनावरं धरते, टेबल पुसते, वजनं करते. काट्यावर कुठलंही कुत्रं धड उभं राहत नाही. म्हणून त्याला उचलून मीच उभी राहते आणि आलेल्या आकड्यातून माझं वजन वजा करते. चोपन्न. पहिल्याच आठवड्यात भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं.

गेलं वर्षभर पशुवैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी खुर्चीला चिकटून होते. आई पुस्तकाशेजारीच ताट आणून ठेवायची. परीक्षेत चांगले गुण पडले. गणितातसुद्धा.

रकाना ९. शिफारसपत्र.

डॉक्टरांनी मंगळवारी सकाळी दिलं. 'अत्यंत काटेकोर', असं लिहिलं होतं. मी ते चारदा वाचलं.

मंगळवारी दुपारी

(याला रकाना नाही)

शिंपीकाका त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, झिपऱ्याला, घेऊन आले. दोन दात काढायचे होते. उचललं. पासष्ट. वजा चोपन्न, अकरा. डॉक्टरांनी अकरा किलोच्या हिशेबाने भूल दिली. दुसऱ्या दाताला श्वास थांबला. डॉक्टर वीस मिनिटं छाती दाबत होते.

काकांना त्यांनी सांगितलं, वय झालं होतं, हृदय दमलं असेल. काका म्हणाले, मलाच कळायला हवं होतं, हल्ली जिन्यात थांबायचा तो. मग फक्त पट्टा घेऊन गेले.

पुरायला नेणाऱ्या माणसाला वजन सांगावं लागतं. मेलेलं कुत्रं हलत नाही. थेट काट्यावर ठेवलं. आठ.

मग एकटी उभी राहिले. सत्तावन्न.

रकाना ९, पुन्हा.

बुधवारी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी वळून भिंतीवरचं चोपन्न वाचलं.

"ते कुत्रं अकरा किलोचं दिसत नव्हतं," ते म्हणाले. "ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. तू गप्प बसलीस तर कुणाला कळणार नाही. अर्जाचा आज शेवटचा दिवस ना?"

"काका स्वतःला बोल लावतायत."

त्यांनी पत्र मागितलं. दोन शब्दांवर आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली.

"खाडाखोड चालत नाही, डॉक्टर."

"माहीत आहे. नवीन लिहीन. आज मला नाही जमणार. पुढच्या वर्षी माग."

अर्जाची खिडकी पाचला बंद होते. साडेचारला मी शिंपीकाकांच्या दुकानात होते. पासष्ट, चोपन्न, सत्तावन्न, सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवून ऐकलं, मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे हृदय चांगलं होतं त्याचं?"

"आजारी असल्याचं काही दिसलं नव्हतं, काका."

"बरा होता तो."

मी मान डोलावली.

त्यांनी मला बस म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. कापड सरळ केलं, पाय हलवला, मशीन सुरू झालं. सुईत दोरा नव्हता. ते शिवत राहिले.