शालूच्या तोंडी घातलेलं वाक्य

डोंबिवलीच्या महिपत साटमांना वर्तमानपत्रात नाव छापून यायची भारी हौस. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी तुंबलेल्या गटारापासून संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत कुणालाही सोडलं नव्हतं. वाचकांच्या पत्रांत महिन्यातून एकदा तरी 'महिपत साटम, डोंबिवली (पूर्व)' हटकून असायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी शालू हैदराबादला एका सरकारी संरक्षण संस्थेत रडारच्या कामावर होती. आई गेल्यापासून दोघंच एकमेकांना. कामाचं ती फक्त बाबांपाशी बोलायची. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये रजेवर आली, तेव्हा जेवताना वाद रंगला. साटमांचं म्हणणं, शत्रूचं क्षेपणास्त्र वरच्या वर अडवणारं कवच हवं, तर आधी अणुचाचणी झालीच पाहिजे.

"ती कशाला, बाबा?" शालू म्हणाली. "येणारं क्षेपणास्त्र वेळेत दिसलं पाहिजे आणि आपलं त्याच्यावर नेमकं आदळलं पाहिजे. त्यासाठी बॉम्ब फोडून बघायची काही गरज नाही."

साटम पानावरून उठून हात धुवायला गेले. हरणं त्यांच्या पचनी कधी पडायचंच नाही.

मे महिन्यात पोखरणला चाचण्या झाल्या. सोसायटीत पेढे वाटले गेले आणि साटमांच्या अंगात आलं. एका बैठकीत पत्र लिहून टाकलं: चाचणीशिवाय कवच अशक्य, 'संरक्षण खात्यात रडारवर काम करणारी माझी कन्या शालिनी हिचंही हेच मत आहे.' धडधडीत खोटं! पण चौथ्या दिवशी ते छापून आलं, शेजारच्या गंगुबाईंनी कात्रण मागून नेलं, आणि स्वारी दिवसभर छाती काढून हिंडली.

पंधरा दिवसांनी शालू दारात उभी. चेहरा पार उतरलेला. कात्रण तिच्या साहेबांच्या टेबलावर पोचलं होतं. घरी कामाबद्दल बोलल्याचा ठपका आला होता, चौकशी लागली होती. वडिलांचा जाहीर खुलासा छापून आला तर नोकरी वाचणार होती, नाहीतर नाही.

साटम कागद घेऊन बसले. आधी लिहिलं, छपाईत चूक झाली. शालूने फाडलं. मग लिहिलं, वाचकांचा गैरसमज झाला. तेही फाडलं. एरवी जगाच्या चुका काढणाऱ्या माणसाचा स्वतःची चूक लिहायला हात धजेना. शेवटी डोळे भरून आले, तेव्हा कुठे कागदावर उतरलं: 'मुलगी असं म्हणाली नव्हती. ती याच्या उलट म्हणाली होती. मी खोटं लिहिलं.'

शालूने वाचलं आणि मान हलवली. "हेही चालणार नाही, बाबा. उलट म्हणाले, म्हणजे बोलले तर खरीच ना?"

"मग लिहू तरी काय?"

"लिहा, मुलगी माझ्याशी कामाबद्दल कधीच बोलत नाही."

त्यांनी तसं लिहिलं. पत्र छापून आलं. खाली संपादकांची ओळ होती, या विषयावरील पत्रव्यवहार आता थांबवत आहोत. नोकरी वाचली. पण शालूला रडारवरून काढून ग्रंथालयात बसवलं होतं, आणि हे साटमांना कळलं ते तिच्या मैत्रिणीकडून. म्हातारा मनातून खचला. त्यानंतर त्यांनी पत्र म्हणून लिहिलं नाही.

दर रविवारी तिचा फोन यायचा. गुडघे कसे आहेत, गोळ्या घेता का. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "शालू, काम कसं चाललंय गं?"

ती म्हणाली, "तुम्ही जेवलात का, बाबा?"