नेत्राच्या कार्डावरचा शब्द

चौलजवळच्या विशेष शाळेत हेमालीबाई अकरा वर्षं शिकवत होत्या. पाटीवरचा ‘मतिमंद’ हा शब्द त्यांनीच संस्थेच्या मागे लागून पुसायला लावला होता. त्या जागी ‘बौद्धिक अक्षम’ आलं. तेरा वर्षांची नेत्रा मात्र त्यांच्या मते त्यातही बसत नव्हती. ती बोलत नसे, कुणाच्या नजरेला नजर देत नसे. पण दुपारी बावीस डबे ज्याचे त्याला बरोबर नेऊन द्यायची. हिची नव्यानं तपासणी करून घ्या, असं त्यांनी तिच्या आईला, जनीला, चारदा सांगितलं. शेवटी चिठ्ठीही लिहून दिली.

जूनमध्ये नेत्राचं अपंगत्वाचं नवं कार्ड आलं. प्रकार: स्वमग्नता.

मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं. “बाई, आपली मान्यता फक्त बौद्धिक अक्षमतेची. हिचं नाव ऑनलाइन घेतच नाही.”

“पोरगी तीच आहे ना, सर?”

“मला कळतंय हो. वर कोण ऐकणार?”

नेत्राला इथंच राहू द्यावं म्हणून हेमालीबाईंनी वर अर्ज केला. उत्तर आलं, स्वमग्न मुलांची जवळची शाळा पनवेलला. नेत्राचे वडील न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे, आठवड्यानं घरी यायचे. जनी लोकांच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत कामाला. पनवेलला रोज नेणार कोण?

जनी शाळेत आली, ती उभीच राहिली.

“बाई, जुनाच शब्द लिवून द्या. मतिमंद तं मतिमंद. आमाला त्याचा काय वाईट वाटत न्हाय.”

“ते माझ्या हातात नाही, जनीताई.”

“चिठ्ठी तं तुमीच दिलेली.”

जुनं प्रमाणपत्र रद्द झालं होतं, आणि डॉक्टरांनी लिहिलेलं खरंच होतं.

सोमवारी सवयीनं शाळेची व्हॅन नेत्राच्या दारात थांबली. ती चढली, आपल्या जागेवर बसली. दुपारी तिनं डबे वाटले. हजेरीत तिचं नाव लागलं नाही.

“उद्यापासून व्हॅन तिकडे नको,” मुख्याध्यापक खाली बघत म्हणाले. “वाटेत काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

संध्याकाळी हेमालीबाई स्वतः व्हॅनमधून तिला सोडायला गेल्या. नेत्रा उतरेना. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी सीटची दांडी तिनं दोन्ही हातांनी धरली होती. जनी आत चढली आणि एकेक बोट सोडवू लागली. बाई दप्तर घेऊन खाली उभ्या होत्या.

“शनिवारी येत जाईन मी हिला शिकवायला,” त्या म्हणाल्या.

जनीनं वर पाहिलं नाही. एक हात सुटला की पोरगी दुसऱ्यानं पुन्हा घट्ट धरत होती.