दोन काठांची कुमुदिनी

मित्रांनो, मी एक जुनी कुमुदिनी आहे. मी कमळ नव्हे आणि कमळाची धाकटी बहीणही नव्हे. आमचं घराणंच वेगळं. पण पाण्यात पांढरं काही दिसलं की लोक "कमळ, कमळ" करत सुटतात आणि मला निमूटपणे ऐकून घ्यावं लागतं. माझं फूल शर्टाच्या बटणाहून थोडं मोठं. पाच पाकळ्या, घशाशी पिवळा रंग, आणि पाकळ्यांवर पांढरी लव, सरकीला कापूस चिकटून राहावा तशी.

वर्धा जिल्ह्यात हिंगणीजवळ एक खेडं आहे. तिथल्या गावतलावात माझा जन्म झाला. मला खोल पाणी मानवत नाही. काठाचं गुडघाभर पाणी, खाली मऊ काळा गाळ, वर मोकळं ऊन, एवढं मिळालं की मी राजी. माझं पान गोल, देठाशी खाच असलेलं. फुलांचा झुबका पानाच्या देठातूनच निघतो, त्यामुळे पान आणि फूल एकाच घरात राहतात. फूल उन्हं वर आली की उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की पानं वाळून जातात आणि मी गाळात मुळाशी निजून राहते. लोक म्हणतात, मेली! मी मात्र पावसाची वाट पाहत असते.

आमच्या घराण्याची एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्यात दोन तऱ्हा असतात. एकीच्या फुलात स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड. दुसरीत बरोबर उलट. एका तऱ्हेचे परागकण दुसरीला मिळाले, तरच बी धरतं. आमच्या तलावात गावच्या बुद्धविहाराकडच्या काठाला आम्ही लांब केसराच्या होतो आणि पलीकडे, बांधाच्या काठाला आखूड केसराच्या. एकेका मुळावरून आम्ही पसरलेलो, म्हणून काठ असे वाटले गेले होते. मधमाश्या फुलं मिटेपर्यंत इकडून तिकडे करायच्या. काय दिवस होते ते! पानाखाली माशांची पिल्लं लपायची, पानावर बेडूक बसायचे, आणि सकाळी पाणी पांढरं होऊन जायचं.

वर्षावासाचे, बौद्धांच्या पावसाळी उपासनेचे तीन महिने म्हणजे माझे मानाचे दिवस. गावातल्या जिजाबाई रोज सकाळी पितळी ताटली घेऊन काठावर यायच्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरायच्या आणि वंदनेसाठी माझी फुलं खुडायच्या. विहार जवळ, म्हणून त्या नेहमी आमच्याच काठाला. मूठभर खुडली की थांबायच्या. "बाकीचे राहू दे, पान्यालेई शोभा पाह्यजे," असं स्वतःशीच म्हणायच्या. बुद्धमूर्तीपुढे मिटत जाण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. फूल कोमेजतं तसं शरीरही, हे तिथे रोज म्हटलं जायचं, आणि ते माझ्याकडे बघूनच म्हणतात असा माझा समज होता.

मग एका उन्हाळ्यात तलाव खोल करायचं ठरलं. यात कुणाचं वाईट मन नव्हतं. गावाला पाणी हवं होतं, शेतांना गाळ हवा होता. यंत्र आलं, ट्रॅक्टर लागले. जिजाबाईंच्या जिवाची घालमेल झाली. त्यांनी दोन पोरींना हाताशी धरलं, आमच्या काठाचा गाळ मुळांसकट घमेल्यांत भरला आणि विहारामागच्या सिमेंटच्या टाक्यात आणून टाकला. पाणी त्यांनी स्वतः कळशीने ओतलं.

"आता कोनाची भीती नाई तुमाले," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं: बाई, पलीकडच्याही घ्या! पण आम्हाला तोंड कुठे असतं? दोन दिवसांत बांधाचा काठ ट्रॉलीत भरून गेला. तलाव विहिरीसारखा उभ्या कडांचा झाला. पाणी वाढलं, आमची जागा मात्र राहिली नाही.

चार पावसाळे मी टाक्यात फुलले. लोक कौतुक करायचे. पण त्या फुलांमागे एकही बी धरलं नाही. टाक्यातली जुनी मुळं कुजू लागली, पानं दरवर्षी कमी होऊ लागली. जिजाबाई शेणखत घालायच्या, पाणी बदलायच्या, आणि काळजीने टाक्याच्या कठड्यावर बसून राहायच्या. चुकलं कुठे, ते त्यांना कळत नव्हतं.

यंदा त्यांची भाची आकांक्षा पोळ्याच्या सुटीत आली. ती वर्ध्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. तिने फूल उघडून भिंगातून पाहिलं. दुसरं पाहिलं. दहावं पाहिलं.

"मावशी, तू ह्या कुठून आणल्या होत्या?"

"ह्या काठाच्या. काऊन व?"

"सगळ्या एकाच तऱ्हेच्या हायेत. जोडीची पलीकडच्या काठाले असन. त्याबिगर बी धरत नाई."

जिजाबाई म्हणाल्या, "म्हंजे चार वर्सं मी अर्धंच घर वाचवून बसली, पोरी."

चूक मायेची होती, पण चूक होती.

बांधाकडचा गाळ गावातल्याच वासुदेवरावांच्या शेतात गेला होता, एवढं जिजाबाईंना आठवत होतं. दोघी तशाच निघाल्या. पुढचं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. शेताच्या खोलगट कोपऱ्यात पावसाचं पाणी साचलं होतं. तिथली कपाशीची पऱ्हाटी सडली होती आणि डबक्यावर चार-पाच गोल पानं तरंगत होती. बाजूला मुरमाची ट्रॉली उभी होती.

"कायचं तण हाये, मालूम नाई," वासुदेवराव म्हणाले. "दरसाल येते. आज बुजवूनच टाकतो म्हटलं."

"थोडं थांबा, भाऊ," जिजाबाई म्हणाल्या. "ते आमचं मानूस हाये."

वासुदेवराव हसले, पण फावडं त्यांनीच आणलं, आणि मुळांना धक्का न लावता गाळ काढून दिला.

दोघींनी तो गाळ टाक्यात लावला आणि पंधरा दिवसांनी ती पलीकडची माझ्या शेजारी उमलली. आखूड केसराची. इतक्या वर्षांनी! मधमाशी तिच्यावरून उठून माझ्यावर बसली, तेव्हा मला आमचा सगळा तलाव आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिजाबाई ताटली घेऊन आल्या. त्यांचा हात माझ्यापर्यंत आला, थांबला आणि मागे गेला. विहारात त्यांनी नुसती मेणबत्ती लावली. सगळ्यांकडून वंदना म्हणवून घेणाऱ्या प्रेमदासांनी विचारलं, "जिजाबाई, आज फुलं नाई?"

"हायेत. पान्यात हायेत. बी धरू द्या त्याइले."

आमची फळं पाण्याखालीच पिकतात, मित्रांनो. फूल मिटलं की देठ वाकतो आणि आत जातो. वरून कुणाला काही दिसत नाही. पण माझ्या देठाला आज मुगाएवढं फळ लागलं आहे. तुम्ही कुणाला वाचवायला निघालात, झाडाला, पाखराला किंवा माणसाला, तर घमेलं उचलण्याआधी एकदा पलीकडच्या काठावर जाऊन या. त्याचं आपलं कुणी तिथे उभं असेल.